स्नायूचे आकुंचन पाठ न करता क्रमाने कसे शिकावे: फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात कंकाल स्नायूच्या आकुंचनावर प्रश्न आला की बहुतेक उत्तरांमध्ये शब्द बरोबर असतात आणि क्रम चुकलेला असतो. कॅल्शियम, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन), ट्रोपोनिन, ॲसिटिलकोलीन हे सगळे उत्तरात हजर असतात. परंतु कोणी कोणाला हलवले याचा पत्ता लागत नाही. तोंडी परीक्षेत तर हे लगेच उघडे पडते, कारण परीक्षक मधली एक पायरी काढून घेतो आणि पुढे काय होईल असे विचारतो. पाठांतर केलेल्या विद्यार्थ्याला मग सुरुवातीपासून म्हणत यावे लागते.

चुकांचे मूळ बहुधा दोनच गोष्टींत सापडते. या साखळीत कॅल्शियम दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या कामांसाठी येते आणि एटीपी तीन ठिकाणी खर्च होते. ज्याला ही पाच ठिकाणे वेगवेगळी सांगता येतात, त्याचा क्रम सहसा चुकत नाही. पुढील टप्पे याच हिशेबाने लावलेले आहेत. प्रत्येक टप्प्याला साधारण एक बैठक द्यावी आणि मधली पडताळणी जमल्याशिवाय पुढचा टप्पा उघडू नये.

## तयारी

तीन रंगांची पेने, कोरे कागद आणि आपले नेहमीचे एकच पाठ्यपुस्तक एवढे पुरे आहे. दोन पुस्तके एकत्र उघडू नयेत. आकडे किंचित वेगळे निघतात आणि विद्यार्थी त्या फरकातच अडकतो. लाल पेन फक्त कॅल्शियमसाठी, हिरवे फक्त एटीपीसाठी आणि निळे बाकी सर्वासाठी वापरावे. हा नियम शेवटपर्यंत मोडू नये.

शब्दांबाबतही सुरुवातीलाच निर्णय घ्यावा. उत्तर इंग्रजीत लिहायचे असल्याने ॲक्शन पोटेन्शिअल, सार्कोमिअर, क्रॉस-ब्रिज हे शब्द तसेच ठेवावेत, पण कारणे स्वतःला मराठीतून समजावून द्यावीत. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी याला कमीपणा समजू नये. कारण मराठीत सांगता आले नाही तर ते इंग्रजीतही समजलेले नसते. एक शब्द मात्र वहीबाहेर ठेवावा, तो म्हणजे ‘नस’. बोलीत मज्जातंतू, रक्तवाहिनी आणि कंडरा या तिन्हींना नस म्हणतात, आणि ‘नस चढली’ म्हणणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा स्नायूचा गोळा आलेला असतो. रुग्णाशी बोलताना हा शब्द उपयोगी पडतो, परंतु विचार करताना तो घोटाळा करतो.

## टप्पा १: विश्रांतीतील पेशी समजून घ्यावी

विश्रांतीच्या अवस्थेत मोठ्या मज्जातंतूच्या पेशीपटलाच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट, तर कंकाल स्नायूच्या तंतूची सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असते. सोडियम बाहेर जास्त असते, साधारण १४२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, आणि आत १४. पोटॅशियमचे उलटे असते: आत सुमारे १४०, बाहेर ४. हे चार आकडे कागदावर पेशीचा गोल काढून त्याच्या आत-बाहेर लिहावेत. तक्ता करून पाठ केल्यास दिशा लक्षात राहत नाही.

सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. ही एटीपीची पहिली जागा, म्हणून येथे हिरवी खूण करावी. मात्र विश्रांतीचा ऋण विद्युतभार मुख्यतः पंपामुळे निर्माण होतो, असे लिहिणे चूक आहे. पंप सांद्रतेतील फरक टिकवून ठेवतो. भार निर्माण होतो तो प्रामुख्याने पोटॅशियम आपल्या सतत उघड्या चॅनलमधून (पटलातील मार्गातून) बाहेर झिरपते आणि मागे ऋण भार ठेवून जाते म्हणून.

पडताळणी: रक्तातील पोटॅशियम वाढले तर स्नायूतंतूची आतील बाजू अधिक ऋण होईल की कमी? उत्तर ‘कमी’ असे आहे, कारण बाहेर पोटॅशियम वाढल्यावर आतले बाहेर झिरपण्याची ओढ कमी होते. हे कारण सांगता आले नाही तर टप्पा पुन्हा वाचावा.

## टप्पा २: ॲक्शन पोटेन्शिअलचा आलेख काढावा

ॲक्शन पोटेन्शिअल म्हणजे पेशीपटलावरून धावणारा विद्युत संदेश. त्याचा आलेख छापील आकृतीवरून उतरवू नये. आधी आडवा अक्ष मिलिसेकंदांचा आणि उभा अक्ष मिलिव्होल्टचा काढावा, उणे ७० आणि उणे ५५ येथे तुटक रेषा ओढाव्यात आणि मगच वक्र काढावा. उणे ५५ च्या आसपास उंबरठा ओलांडला की व्होल्टेजवर उघडणारे सोडियम चॅनल झपाट्याने उघडतात, सोडियम आत शिरते आणि आतील बाजू धन होते. लगेच हे चॅनल निष्क्रिय होतात, हळू उघडणारे पोटॅशियम चॅनल आता उघडलेले असतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि भार पुन्हा ऋण होतो.

इशारा: वक्र खाली येतो तो पंपामुळे नव्हे. पंप मंद गतीने सतत चालू असतो. एका ॲक्शन पोटेन्शिअलमध्ये आत-बाहेर जाणाऱ्या आयनांची संख्या इतकी अल्प असते की टप्पा १ मधील चार आकडे जवळजवळ जसेच्या तसे राहतात. ‘पेशीतील सोडियम संपूर्ण भरते आणि मग पंप ते उपसतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते आणि त्यावर गुण जातात.

## टप्पा ३: मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा

हा टप्पा सर्वांत फलदायी आहे, म्हणून येथे घाई करू नये. न्यूरोमस्क्युलर जंक्शनवरील घटना पुढील क्रमाने लिहाव्यात.

१. ॲक्शन पोटेन्शिअल मज्जातंतूच्या टोकापर्यंत पोहोचते.
२. टोकावरील व्होल्टेजवर उघडणारे कॅल्शियम चॅनल उघडतात आणि पेशीबाहेरील द्रवातून कॅल्शियम आत येते. येथे लाल पेनाने ‘पहिले कॅल्शियम, बाहेरून’ असे लिहावे.
३. त्या कॅल्शियममुळे ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाने भरलेल्या व्हेसिकल (सूक्ष्म पिशव्या) पटलाला चिकटून फुटतात आणि रसायन फटीत सांडते.
४. ॲसिटिलकोलीन स्नायूच्या पटलावरील निकोटिनिक रिसेप्टरला जोडले जाते. एक रिसेप्टर उघडण्यास त्याचे दोन रेणू लागतात.
५. रिसेप्टर स्वतःच चॅनल असतो. त्यातून सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाते. सोडियमचा प्रवाह मोठा असल्याने त्या जागी एंड-प्लेट पोटेन्शिअल निर्माण होते.
६. त्यामुळे शेजारच्या स्नायूपटलाचा उंबरठा ओलांडला जातो आणि तेथे नवे ॲक्शन पोटेन्शिअल सुरू होते.
७. फटीतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम ॲसिटिलकोलीनचे विघटन करते.

येथे तीन चुका ठरलेल्या आहेत. ॲसिटिलकोलीन स्नायूच्या आत शिरते असे लिहिणे ही पहिली. ते बाहेरूनच कडी वाजवते आणि तेथेच तुटते. एंड-प्लेट पोटेन्शिअल आणि ॲक्शन पोटेन्शिअल एकच समजणे ही दुसरी. एंड-प्लेट पोटेन्शिअल रसायनाच्या प्रमाणानुसार लहान-मोठे होऊ शकते आणि अंतराबरोबर विरत जाते, ॲक्शन पोटेन्शिअलचे तसे नसते. सातवी पायरी विसरणे ही तिसरी चूक, आणि तिची किंमत पुढे टप्पा ६ मध्ये मोजावी लागते.

क्रम पक्का झाला की नाही, हे पाहण्यासाठी ‘साखळी तोडण्याचा’ सराव करावा. वरील सात पायऱ्यांच्या शेजारी पुढील कारणे योग्य जागी मांडावीत: बोट्युलिनम विष, मण्यारीचे विष, नागाचे विष, मायस्थेनिया ग्रॅव्हिस आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके. उत्तरे न पाहता मांडून झाल्यावर पुढील परिच्छेद वाचावा.

बोट्युलिनम विष तिसऱ्या पायरीवर, म्हणजे व्हेसिकल पटलाशी एकरूप होण्याच्या जागी, आडवे येते. मण्यारीच्या विषाचा मुख्य आघातही मज्जातंतूच्या टोकावरच होतो. नागाच्या विषातील चेताविषारी घटक मात्र चौथ्या पायरीवर रिसेप्टर अडवून बसतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये बहुतेक रुग्णांत शरीराचीच प्रतिपिंडे या रिसेप्टरवर हल्ला करतात. म्हणून रुग्णाची पापणी सकाळी ठीक असते आणि दिवस चढत जाईल, वापर वाढेल तशी पडू लागते. ऑर्गॅनोफॉस्फेट सातवी पायरी बंद पाडतात, ॲसिटिलकोलीन फटीत साचत जाते, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर दुबळे होतात. आता पुढचा प्रश्न सुटायला हवा: ॲसिटिलकोलिनेस्टरेजला रोखणारे निओस्टिग्मिन हे औषध नागाच्या दंशात उपयोगी पडू शकते, पण मण्यारीच्या दंशात त्याच्याकडून फारशी अपेक्षा का ठेवता येत नाही? फटीत ॲसिटिलकोलीन सांडतच नसेल तर त्याचे विघटन थांबवून हाती फारसे काही लागत नाही. एवढे सुटले की सात पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

## टप्पा ४: पटलावरील संदेश आत कसा पोहोचतो

स्नायूतंतू जाड असतो. पृष्ठभागावरील ॲक्शन पोटेन्शिअल आतल्या मायोफायब्रिलपर्यंत (आकुंचन घडवणाऱ्या दोऱ्यांपर्यंत) पोहोचवण्यासाठी टी-ट्यूब्यूल नावाच्या नळ्या पटलापासून आत गेलेल्या असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या फुगीर पिशव्या असतात. तिघे मिळून ट्रायड होतो. टी-ट्यूब्यूलमधील डायहायड्रोपिरिडीन रिसेप्टरला व्होल्टेजचा बदल जाणवतो, तो आपला आकार बदलतो आणि त्याला लागून असलेला रायनोडीन रिसेप्टर यांत्रिक ओढीने उघडतो. रेटिक्युलममधील कॅल्शियमचा साठा पेशीद्रवात सांडतो. लाल पेनाने ‘दुसरे कॅल्शियम, आतल्या साठ्यातून’ असे लिहावे.

इशारा: हृदयाच्या स्नायूत बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम आतल्या साठ्यातील कॅल्शियम सोडवते. कंकाल स्नायूत असे होण्याची गरज नसते. इंटरनेटवरील अनेक आकृत्या हृदयाच्या असतात आणि विद्यार्थी त्या बिनदिक्कत उतरवतात. आकृतीत ट्रायडऐवजी एकच पिशवी दिसली किंवा टी-ट्यूब्यूल झेड रेषेवर दिसली तर ती बाजूला ठेवावी. सस्तन प्राण्यांच्या कंकाल स्नायूत ट्रायड ए आणि आय पट्ट्यांच्या संधीवर असतो (या रेषा आणि पट्टे टप्पा ५ मध्ये येतात).

## टप्पा ५: क्रॉस-ब्रिजचे चक्र

आधी सार्कोमिअर काढावा: दोन झेड रेषा, त्यांना बांधलेले बारीक ॲक्टिनचे तंतू आणि मध्ये जाड मायोसिनचे तंतू. मग दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अर्धवट गुंफावीत आणि तळवे जवळ आणावेत. तळव्यांतील अंतर कमी झाले, पण एकाही बोटाची लांबी बदलली नाही. सार्कोमिअरमध्ये असेच होते. मायोसिनच्या लांबीएवढा ए पट्टा तसाच राहतो. फक्त ॲक्टिन असलेला आय पट्टा आणि फक्त मायोसिन असलेले मधले एच क्षेत्र अरुंद होतात. ‘ॲक्टिन-मायोसिनचे तंतू आखडतात’ असे उत्तरात कधीही लिहू नये.

आता चक्र. मायोसिनच्या डोक्याने ॲक्टिनला धरलेली पकड म्हणजे क्रॉस-ब्रिज. दुसरे कॅल्शियम ॲक्टिनच्या तंतूवरील ट्रोपोनिनला जोडले जाते, ट्रोपोनिन तेथेच झाकणासारख्या बसलेल्या ट्रोपोमायोसिनला सरकवते आणि ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा उघड्या होतात. कॅल्शियमचे काम येथे संपले; ओढण्याचे काम ते करत नाही. मायोसिनच्या डोक्यावरील एटीपीचे आधीच एडीपी आणि फॉस्फेट झालेले असते आणि डोके ताणलेल्या स्थितीत सज्ज असते. ते ॲक्टिनला चिकटते, फॉस्फेट सुटते, डोके वाकते आणि ॲक्टिन सार्कोमिअरच्या मध्याकडे ओढला जातो. एडीपी निघून जाते. नवे एटीपी डोक्याला जोडले गेले की डोके ॲक्टिनपासून सुटते, त्या एटीपीचे विघटन होऊन ते पुन्हा सज्ज होते. ही एटीपीची दुसरी जागा.

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, कारण ‘एटीपीमुळे स्नायू आखडतो’ हे वाक्य शाळेपासून डोक्यात बसलेले असते. नव्या एटीपीचे पहिले काम पकड सोडवणे हे आहे. मृत्यूनंतर शरीर ताठते, याचे कारण हेच: एटीपी संपते, डोकी चिकटलेलीच राहतात आणि प्रथिने विघटित होऊ लागेपर्यंत ती सुटत नाहीत. चक्राबाबत शंका आली की आधी मृत शरीराची ही अवस्था आठवावी आणि मग लिहावे.

रस्सीखेचीतील माणसे सगळे हात एकदम सोडून पुढे धरत नाहीत. तशीच मायोसिनची डोकी वेगवेगळ्या क्षणी सुटतात आणि चिकटतात. म्हणून ताण टिकून राहतो. पायऱ्या एका डोक्याच्या लिहायच्या असतात, परिणाम मात्र असंख्य डोक्यांचा असतो, हे उत्तरात एका वाक्यात नमूद करावे.

## टप्पा ६: शिथिलीकरण

अनेक उत्तरे आकुंचनापाशी संपतात. शिथिलीकरण ‘आपोआप होते’ असे लिहून भागत नाही. त्याचाही क्रम आहे. मज्जातंतूचे संदेश थांबतात, फटीतील ॲसिटिलकोलीनचे विघटन होते, स्नायूपटल विश्रांतीला येते, रायनोडीन रिसेप्टर बंद होतात, आणि सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरील पंप कॅल्शियम पुन्हा साठ्यात खेचतो. हा पंप एटीपीवर चालतो. ही तिसरी हिरवी खूण. कॅल्शियम घटल्यावर ते ट्रोपोनिनपासून सुटते आणि ट्रोपोमायोसिन जागा पुन्हा झाकते. स्नायू आपल्या मूळ लांबीला येतो तो मात्र विरोधी स्नायू, गुरुत्वाकर्षण आणि लवचीक ऊती यांच्यामुळे. मायोसिन उलट दिशेने ढकलू शकत नाही.

पडताळणी: या क्षणी कागदावर लाल रंगाच्या दोन आणि हिरव्या रंगाच्या तीन जागा असल्या पाहिजेत. कमी-जास्त असतील तर चूक शोधून मगच पुढे जावे.

## टप्पा ७: एका तंतूपासून संपूर्ण स्नायूपर्यंत

‘सर्व किंवा काहीच नाही’ हा नियम एका स्नायूतंतूच्या ॲक्शन पोटेन्शिअलला लागू होतो, संपूर्ण स्नायूला नव्हे. तो स्नायूला लागू असता तर पेन आणि पाण्याचा हंडा आपण एकाच जोराने उचलला असता. जोर कमी-जास्त होतो तो किती मोटर युनिट (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) कामाला लागतात आणि त्यांना किती वेगाने संदेश मिळतात यावरून. स्नायूतंतूचे ॲक्शन पोटेन्शिअल काही मिलिसेकंदांत संपते, पण एका झटक्याचा ताण त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतो; म्हणून पहिला झटका ओसरण्याआधी दुसरा संदेश येऊ शकतो, ताणाची भर पडते आणि टेटॅनस, म्हणजे सलग टिकणारे आकुंचन, होते (धनुर्वात हा रोग येथे अभिप्रेत नाही). हृदयाच्या स्नायूत ॲक्शन पोटेन्शिअलच २०० ते ३०० मिलिसेकंदांचे असल्याने असे होत नाही.

‘आकुंचन’ हा शब्दही येथे फसवतो. भिंत ढकलताना सांधा हलत नाही, तरी क्रॉस-ब्रिज काम करत असतात. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ताण धरून असतो. म्हणून व्याख्या लिहिताना ‘लांबी कमी होणे’ असे न लिहिता ‘ताण निर्माण होणे’ असे लिहावे.

लांबी आणि ताण यांचा संबंध स्वतःच्या हातावर पाहता येतो. मनगट किंचित मागे ठेवून मूठ घट्ट आवळावी आणि नंतर मनगट पूर्ण पुढे वाकवून तशीच आवळण्याचा प्रयत्न करावा. पकड स्पष्टपणे ढिली पडते. बोटे मिटणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात, त्यांच्या सार्कोमिअरमध्ये आणखी सरकायला वाव कमी उरतो; शिवाय हाताच्या पाठीवरून जाणाऱ्या कंडरा ताणल्या गेल्याने तेही आडवे येते. पुढे स्नायूंची ताकद हाताने तपासायला शिकताना रुग्णाची स्थिती ठरावीकच का ठेवायची, हे याच प्रयोगातून कळते. सार्कोमिअरची लांबी साधारण २ ते २.२ मायक्रोमीटर असताना सर्वाधिक ताण मिळतो, हा आकडा प्रयोगानंतर लिहिला तर विसरला जात नाही.

## टप्पा ८: कोऱ्या कागदावर उतरवणे

दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता संपूर्ण साखळी पंधरा मिनिटांत एका पानावर लिहावी. अडखळल्यास रिकामी जागा सोडून पुढे जावे आणि शेवटी फक्त ती जागा पुस्तकात पाहावी. संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि तेच समजल्यासारखे भासते.

परीक्षेत आधी आकृत्या काढाव्यात: जंक्शन, ट्रायड आणि सार्कोमिअर. मग पायऱ्या क्रमांक देऊन लिहाव्यात आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या परिणामाने सुरू करावी. दोन पायऱ्यांमध्ये ‘त्यामुळे’ घालता येत नसेल तर मधली पायरी सुटलेली आहे, असे समजावे. तोंडी परीक्षेसाठी मित्राला कोणतीही एक पायरी खोडायला सांगावी आणि पुढे काय घडेल, तसेच मागे काय साचेल, हे त्याला सांगावे.

शेवटची पडताळणी इलेक्ट्रोथेरपीची आहे. तो विषय पुढच्या वर्षी येतो, पण उत्तर आताच देता आले पाहिजे. त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून ०.१ ते १ मिलिसेकंदाच्या स्पंदांनी निरोगी स्नायू आखडवला, तर साखळी कोठून सुरू होते? मज्जातंतूला कमी चेतना पुरते, म्हणून तोच आधी उद्दीपित होतो; मेंदू आणि मज्जारज्जू वगळले जातात, टप्पा ३ मधील सातही पायऱ्या घडतात. मज्जातंतू तुटून त्याचे टोक नष्ट झालेला स्नायू मात्र इतक्या आखूड स्पंदांना सहसा दाद देत नाही. त्याला बहुधा १०० मिलिसेकंदांसारखे लांब स्पंद द्यावे लागतात, कारण आता स्नायूपटलालाच थेट जागे करायचे असते. त्या स्नायूत टप्पा ३ संपूर्ण वगळला जातो आणि पहिल्या कॅल्शियमची लाल खूण खोडावी लागते. टप्पा ४ पासून पुढचे सर्व तसेच राहते.